पाच वॉट विरुद्ध शाळेची गच्ची

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गावातल्या एका पोरानं माझ्या टेबलावर दोन वॉकीटॉकी आणून ठेवले. माझाच जुना विद्यार्थी. “सर, पाच वॉटचे हायेत. धा किलोमीटर जाते म्हन्ते. आता पूर येवो का टावर जावो, आपल्याले काई फरक नाई.” ऑनलाइन मागवलेले, चकचकीत, आणि पडद्यावर फ्रिक्वेन्सीचा हवा तो आकडा टाकता येणारे. मी ते सुरू करू दिले नाहीत. तो नाराज होऊन गेला. त्याची नाराजी दूर करायला हा लेख लिहायला घेतला, मग लांबत गेला.

त्याची काळजी मात्र अगदी रास्त होती. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर आला तेव्हा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत किती गावांना वेढा पडला होता ते इकडे कुणाला सांगावं लागत नाही. पर्लकोटा नदीच्या पुरानं भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी तर पावसाळ्यात ठरलेलीच. अशा वेळी मोबाईल जातो आणि लोक म्हणतात, पावसानं रेंज खाल्ली. पावसाचा त्यात थेट हात नसतो. लाईट जाते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, डिझेल घेऊन जाणारी गाडी नाल्याच्या अलीकडे अडकते, नाहीतर जमिनीतली फायबर तुटते. मुसळधार पावसात घरचा डिश टीव्ही जातो तो खरोखर पावसामुळे, कारण त्याच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि थेंब त्यांना विस्कटून टाकतात. वॉकीटॉकीची लहर पाऊण मीटरच्या आसपास. तिला थेंब आडवा आल्याचं कळतसुद्धा नाही.

आधी कायद्याचं उरकून घेतो, म्हणजे मला आवडीच्या भागाकडे वळता येईल.

आपल्या देशात परवान्याशिवाय वॉकीटॉकी वापरता येतो, पण फक्त ठरावीक फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी मोकळा केला आहे. तिथले सेट साधारण अर्ध्या वॉटचे असतात. पट्टा बरोबर असून भागत नाही, त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं ईटीए, म्हणजे उपकरणाच्या मंजुरीचं प्रमाणपत्रही हवं. दुसरा मोकळा पट्टा २७ मेगाहर्ट्झचा, ‘सिटिझन बँड’. तिथे पाच वॉट चालतात, पण लहर अकरा मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटरचा अँटेना. तो हातात धरून फिरणार कोण? आखूड केला की शक्ती उष्णतेत जाते.

पोरानं आणलेला सेट वेगळ्या जातीचा होता. तो कुठल्याही आकड्यावर बोलू शकतो, म्हणजे पोलिसांच्या आणि वनखात्याच्याही. हेच त्याचं आकर्षण आणि हाच त्याचा गुन्हा. गडचिरोलीच्या जंगलात असा सेट खिशात ठेवून फिरणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन समजावून सांगायची संधी मिळेलच असं नाही. ‘ऑनलाइन मिळतं म्हणजे कायदेशीर असणार’ हा समज इतका पसरला की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ साली अशा विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. सेट कुठल्या पट्ट्यावर चालतो आणि ईटीए आहे का, हे विक्रेत्यानं सांगायलाच हवं. जाहिरातीत हे नसेल तर पान बंद करा. अमेरिकेतल्या नातेवाइकानं प्रेमानं आणलेली जोडीही कपाटातच राहू द्या. तिकडचा मोकळा पट्टा ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झचा आहे, तो इथे मोकळा नाही.

तर मुद्दा असा की कायद्यानं आपल्या हातात अर्धा वॉट उरतो. पोराचा प्रश्न होता, “सर, अर्ध्या वॉटमध्ये काय होते?” आता पुढचा भाग जरा सावकाश वाचा.

समजा दोघे जण सपाट शेतात तीन किलोमीटरवर उभे आहेत. दोघांचेही सेट जमिनीपासून दीड मीटर उंच. लहर एकाकडून दुसऱ्याकडे सरळ जाते हे झालंच, पण तिचा एक भाग मधल्या जमिनीवर आपटून, उसळी घेऊन पोचतो. तुम्ही म्हणाल, नांगरलेलं काळं रान म्हणजे काही आरसा नव्हे. वहीचं पान डोळ्याच्या पातळीत आडवं धरून उजेडाकडे पाहा. खरखरीत कागदही चकाकतो. अगदी निसटत्या कोनात येणाऱ्या लहरीला ढेकळांचं रान गुळगुळीत वाटतं.

आता गंमत. अशा निसटत्या कोनात परतताना लहर उलटी होते. गोठ्यातल्या खुंट्याला दोर बांधा आणि दुसऱ्या टोकाला झटका द्या. जाताना उंचवटा वर असतो, खुंट्यावरून परतताना तो खाली गेलेला दिसतो. तसंच. मग दुसऱ्या माणसाच्या अँटेनावर एक सुलटी लहर येते आणि एक उलटी. दोघींनी चाललेलं अंतर जवळजवळ सारखं. म्हणजे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात.

पूर्ण खात नाहीत, कारण उसळी घेणारी लहर किंचित जास्त चालते. किती जास्त? दोन्ही उंचींचा गुणाकार करा, दोननं गुणा, अंतरानं भागा. दीड गुणिले दीड, त्याची दुप्पट साडेचार, भागिले ३,०००. उत्तर दीड मिलिमीटर! सदुसष्ट सेंटिमीटरच्या लहरीत दीड मिलिमीटरचा फरक. तुमचं सगळं बोलणं त्या दीड मिलिमीटरमधून निसटून पलीकडे जातं.

आता एकाला शाळेच्या गच्चीवर चढवा. सेट सहा मीटरवर गेला. पुन्हा तेच गणित केलं की फरक येतो सहा मिलिमीटर, चौपट. उरणाऱ्या लहरीची उंची चौपट झाली, आणि शक्ती उंचीच्या वर्गात वाढते म्हणून पोचणारी शक्ती सोळापट. म्हणजे गच्चीवरचा अर्धा वॉट हा जमिनीवरच्या आठ वॉटच्या तोडीचा. पोराच्या बेकायदा पाच वॉटला शाळेची गच्ची मागे टाकते, आणि गच्चीला ईटीए लागत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू वॉटची हौस असणाऱ्यांसाठी. जमिनीलगत ही शक्ती अंतराच्या चौथ्या घातानं घटते. अंतर दुप्पट केलं की शक्ती सोळाव्या हिश्शावर. म्हणून वॉट दसपट केले तर अंतर दसपट वाढत नाही, दहाचं चौथं मूळ, म्हणजे १.७८ पट वाढतं. बॅटरी मात्र पुरती दसपट खातो. एका टोकाची उंची चौपट केली तर अंतर दुप्पट, दोन्ही टोकं गच्चीवर गेली तर चौपट. (चौथ्या घातापाशी कुणाची वाट चुकली असेल तर गच्ची तेवढी लक्षात ठेवा.)

हे सपाट शेताचं झालं. मेळघाटात मधे डोंगराची सोंड आली की गणित तिथेच संपतं. तिथे दोन गावांच्या मधल्या टेकाडावर तिसरा माणूस बसवायचा, दोघांचं ऐकून पुढे सांगणारा. आणि झाडं. थेंब जे करू शकत नाही ते ओलं पान करतं. सागाच्या भरल्या रानातून जाताना लहर विरत जाते. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो तेव्हा तीच जोडी जास्त लांब बोलते. म्हणून एप्रिलमध्ये चाचणी घेऊन ऑगस्टचा भरवसा धरू नये. खोक्यावरचा ‘दहा किलोमीटर’ हा आकडा तर एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्याचा समजा.

पुढे आम्ही ४४६ ची रीतसर जोडी घेतली. पांदणीनं चालत गेलो. पऱ्हाटी छातीएवढी झाली होती. दीड किलोमीटरच्या आत आवाज फाटायला लागला. मग मी शाळेत परतून गच्चीवर गेलो. पोरगा चालतच राहिला, आणि नाल्याच्या पलीकडच्या धुऱ्यावरून त्याचा आवाज आला, “सर, आयकू येऊन रायलं का?” येत होतं.

सेट निवडताना मी साध्या पेन्सिल सेलवर चालणारा पाहीन, कारण लाईट चार दिवस नसेल तर चार्जर शोभेचा असतो. सेलचा डबा वेगळा ठेवावा. संच दिवसभर सुरू ठेवू नये, दर तासाची पहिली पाच मिनिटं ठरवून घ्यावी. ‘प्रायव्हसी कोड’ नावाचं बटण असतं त्यानं बोलणं गुप्त होत नाही, फक्त तुमच्या कानावर बाकीच्यांचं येत नाही. संकटात ते बंद ठेवलेलं बरं, नाहीतर कोड न जुळल्यामुळे हाक येऊनही ऐकू यायची नाही. आणि हे यंत्र पोलीस ठाण्याला किंवा ११२ ला लागत नाही. मोबाईल चालू असलेल्या गावापर्यंत निरोप पोचवणं एवढंच त्याचं काम.

ज्यांना यापुढे जायचं आहे त्यांनी हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारे, व्हावं. वयाची अट अवघी १२ वर्षं, एक सरकारी परीक्षा, आणि मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसारखे पट्टे खुले होतात. तिथली दोन मीटरची लहर झाडीतून ४४६ पेक्षा बरी जाते. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा भारती प्रसाद हॅम केंद्र घेऊन योगायोगानं पोर्ट ब्लेअरलाच होत्या, आणि तिथून बाहेर जाणाऱ्या निरोपांची मोठी जबाबदारी त्यांच्या संचानं उचलली.

एक भानगड राहिली. गच्चीचं ऐकून आमच्या शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, “मास्तर, यंत्रानं वीज ओढली तं?” मोबाईल किंवा वॉकीटॉकी वीज ओढतो ही निव्वळ थाप आहे. त्याच्या लहरी हवेत विजेसाठी वाट तयार करत नाहीत. पण मोकळ्या गच्चीवर सगळ्यात उंच उभा असलेला माणूस विजेला सोयीचा असतो, हातात सेट असो वा नसो. गडगडाट ऐकू आला की खाली यायचं आणि अर्धा तास थांबायचं. जुना ट्रान्झिस्टर एएमवर लावून ठेवला तर वीज दूर असतानाच त्यात कडकड येते, ती ऐकून कळतं.

काकांना हे पटलं. पोराला पटायला वेळ लागला. त्याचे पाच वॉटवाले सेट परत गेले, पैसे अजून आले नाहीत. सध्या तो सरपंचांच्या मागे लागलाय, गच्चीला जिना करून द्या म्हणून. आतापर्यंत आम्ही शिडीनं चढत होतो.