संसर्ग झाला म्हणून गोळ्या बंद? थांबा!

हृदय प्रत्यारोपण झालेल्याला फ्लू किंवा कोविड झाला की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लगेच बंद करायच्या, म्हणजे शरीर विषाणूशी लढेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे, म्हणूनच जास्त घातक.

संसर्ग गंभीर असेल तर डॉक्टर ही औषधं कमी करतात, हे खरं. पण सरसकट नाही. या गोळ्यांपैकी बहुधा आधी मायकोफेनोलेट कमी होतं किंवा थांबतं. टॅक्रोलिमस ही दुसरी गोळी रक्तातली पातळी मोजत चालू ठेवतात. स्टेरॉइड तर अचानक तोडायचंच नाही. ते दीर्घकाळ घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) सुस्तावलेल्या असतात, ऐन आजारात रक्तदाब कोसळू शकतो. आणि सगळंच बंद केलं तर शरीर नव्या हृदयावरच उलटू शकतं.

खरी गोम आहे औषधांच्या जोडीत. कोविडवरच्या पॅक्सलोव्हिडमधलं रिटोनाविर टॅक्रोलिमसची पातळी कित्येक पटींनी चढवतं. मग हात थरथरतात, मूत्रपिंडं बिघडतात. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनेही ही पातळी वाढते. तेव्हा घरात उरलेली अँटिबायोटिक परस्पर घेणं नकोच.

फ्लूची दाट शंका असेल तर त्यावरचं औषध ऑसेल्टामिविर डॉक्टर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता सुरू करतात, लक्षणं सुरू होऊन ४८ तास उलटले असले तरी. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे तो कधीकधी येतच नाही. धाप लागली की थेट प्रत्यारोपण केंद्राला फोन, मध्यरात्र असली तरी.