मुंबई बंदराच्या तोंडावरचे दीपस्तंभ

मुंबई बंदराचं तोंड नकाशात ऐसपैस दिसतं, पण मोठ्या जहाजाच्या कामाची वाट त्यात थोडीच. कुलाब्याच्या टोकाकडून प्राँग्जचा खडक नैऋत्येला समुद्रात घुसलाय. समोर, मुख्य भूमीच्या अंगाला, थळचं खडप. जायचं या दोहोंमधून. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरपेक्षा जास्त वरखाली होते. जड जहाजं भरती धरून आत येतात आणि खडक बुडालेला असतो तोही त्याच वेळी. इथल्या सगळ्या खुणांचं मूळ या अडचणीत आहे.

कुलाब्याचं जुनं दीपगृह जमिनीवर, म्हणजे खडकाच्या मागे होतं. दिवा दिसला तरी खडक त्याच्या किती अलीकडे संपतो, हे अंदाजानेच ठरवावं लागे, आणि रात्री पाण्यावरच्या दिव्याचं अंतर डोळ्यांना हमखास फसवतं. 1875 मध्ये अभियंते थॉमस ऑर्मिस्टन यांनी प्राँग्जचा मनोरा थेट खडकावरच बांधला. दगडी, गोल, सुमारे 40 मीटर उंच. लाल, पांढरे, काळे पट्टे दिवसा ओळखण्यासाठी. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला होडीच लागते.

दक्षिणेला खांदेरीवर त्याआधीच, 1867 मध्ये, दीपस्तंभ उभा राहिला होता. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटाची तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही विरोधात उतरले, कारण मुंबईत शिरणारं जहाज खांदेरीच्या नजरेतून सुटत नाही. दिव्यासाठी बेट निवडण्यामागेही तेच कारण. आज या दीपस्तंभाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे.

एकच दिवा दिसत असेल तर होकायंत्रावर फक्त दिशा मिळते, जागा नाही. दोन दिव्यांच्या दिशा नकाशावर आखल्या की रेषा छेदतात तिथे जहाज. छेद काटकोनाजवळचा असावा. रेषा जवळजवळ समांतर असल्या तर जराशी चूकही फार मोठी होते. 10 किलोमीटरवर 3 अंश चुकलात, तर जहाज 500 मीटर बाजूला. खडकाशेजारी एवढं पुरे.

दीपस्तंभांच्या जोडीला वाट दाखवणारे तरंगते बोये असतात. भारतातल्या पद्धतीत बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या. पण बोया साखळीवर असतो. पावसाळ्याच्या लाटांत तो नांगरासकट सरकू शकतो, साखळीही तुटते. म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाहीत. तो जागेवर आहे ना, हे बांधीव दीपस्तंभांवरून ताडून घेतात.