दारावरची रीथ

हिरव्या फांद्या, पाने, फुले, फळे किंवा गवत एका कड्यावर गुंफून केलेल्या पोकळ वर्तुळाला रीथ म्हणतात. घराच्या दर्शनी दाराच्या फळीवर, बाहेरच्या अंगाला ती टांगण्याची रीत युरोप आणि उत्तर अमेरिकेत रूढ आहे. सर्वांत जास्त दारांवर ती दिसते नाताळात. मराठीत यासाठी ‘पुष्पचक्र’ हा शब्द आहे, पण तो उच्चारताच स्मारकापुढची मानवंदना आठवते. त्यामुळे सणाच्या चक्राला बहुतेक जण सरळ रीथच म्हणतात. मराठीने शब्दांत हा भेद केला असला, तरी मूळ प्रथेत आनंद आणि शोक एकाच दारावर, एकाच आकारात टांगले गेले आहेत.

वर्तुळाला आरंभ नाही आणि अंतही नाही, म्हणून रीथ म्हणजे अनंत जीवनाची खूण, असा अर्थ ख्रिस्ती परंपरेत सांगितला जातो आणि तो श्रद्धेने मानलाही जातो. मात्र प्रथेचा इतिहास चाळला की आकारापेक्षा मुदत जास्त बोलकी वाटते. ती कोणत्या दिवशी टांगायची, कधी उतरवायची आणि उतरवल्यावर तिचे काय करायचे, याचे नियम जवळजवळ प्रत्येक काळात सापडतात. दारावरची हिरवाई घराची आजची अवस्था रस्त्याला सांगते. ती अवस्था सरली की हिरवाईही उतरायला हवी.

ग्रीस

प्राचीन अथेन्समध्ये शरद ऋतूत अपोलो देवाचा प्यानोप्सिया नावाचा उत्सव होई. त्या वेळी मुले ‘आयरेसिओनी’ घेऊन गाणी म्हणत दारोदार फिरत. ही ऑलिव्हची फांदी असे. तिला लोकर गुंडाळलेली असे आणि अंजिरे, भाकऱ्या, मध व तेलाच्या छोट्या कुप्या लटकवलेल्या असत. नंतर ती घराच्या दाराशी लावत आणि पुढच्या वर्षी नवी येईपर्यंत ती तिथेच राही. वर्षभरात ती किती वाळत असेल, याचा अंदाज अ‍ॅरिस्टोफनीसच्या एका विनोदी नाटकातून येतो. त्यात एका म्हातारीबद्दल म्हटले आहे की एक ठिणगी पडली तरी ती जुन्या आयरेसिओनीसारखी पेटेल. प्रेक्षकांना उपमा कळावी म्हणजे प्रत्येकाच्या दाराशी अशी वाळकी फांदी असणार. आयरेसिओनी वर्तुळाकार नव्हती, पण दारावर ठरावीक मुदतीने बदलायची हिरवाई म्हणून तिला रीथची पूर्वज मानणे मला रास्त वाटते.

वर्तुळाकार चक्रही अथेन्सच्या दारांवर असे. मुलगा जन्मला की दारावर ऑलिव्हचे चक्र आणि मुलगी जन्मली की लोकर. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय घडले ते विचारावे लागत नसे.

आजच्या ग्रीसमध्ये ही परंपरा मे महिन्यात दिसते. 1 मे रोजी रानफुले खुडून चक्र गुंफतात आणि दारावर किंवा बाल्कनीला लावतात. फुलांबरोबर गव्हाची ओंबी आणि दृष्ट लागू नये म्हणून लसणाचा गड्डाही त्यात खोवतात. जून महिन्यात संत योहानाच्या सणाला, म्हणजे 23 तारखेच्या रात्री, अंगणात किंवा चौकात होळ्या पेटतात आणि सुकलेली चक्रे त्यांत टाकून लोक ज्वाळांवरून उड्या मारतात. जवळजवळ 8 आठवडे दारावर सुकत गेलेल्या फुलांचा असा शेवट होतो.

रोम

रोमन लोकांनी दाराला सार्वजनिक फलकच करून टाकले होते. लग्नघराचे दार पानाफुलांनी सजवत. प्रेयसीने दार उघडले नाही तर झुरणारा प्रियकर आपल्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून तिच्या दाराशी ठेवत असे. लॅटिन कवितेत हा प्रसंग इतक्या वेळा येतो की तो एक स्वतंत्र काव्यप्रकारच ठरला. घरात मृत्यू झाला असेल तर दाराशी सायप्रसची फांदी लावत. सायप्रस हे पाताळाच्या देवाचे झाड मानले जाई. ही फांदी दिसली की पुजाऱ्यांना विटाळ टाळून दुरून निघून जाता येई.

सर्वांत प्रसिद्ध दार मात्र पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचे. इ. स. पू. 27 मध्ये रोमच्या सीनेटने ठराव करून पॅलटाइन टेकडीवरच्या त्याच्या घराच्या दारखांबांना लॉरेलने सजवले आणि दारावर ओकच्या पानांचे चक्र बसवले. असे ओकचे चक्र मुळात युद्धात एखाद्या नागरिकाचा जीव वाचवणाऱ्या सैनिकाच्या डोक्यावर घालत. ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीच्या वृत्तान्तात या सन्मानाची नोंद आवर्जून केली आणि त्याच्या नाण्यांवरही ते चक्र झळकले. डोक्यावरचे मानाचे चक्र दारावर चढले याचे एवढे स्पष्ट, तारखेसह मिळणारे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. चक्र गोल का, याचे साधे उत्तरही इथेच आहे. ते माणसाच्या डोक्याच्या मापाने घडले होते.

ख्रिस्ती आक्षेप आणि स्वीकार

पहिल्या ख्रिस्ती विचारवंतांना दारावरची हिरवाई खुपत होती. इ. स. 200च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने मूर्तिपूजेविरुद्ध लिहिताना तक्रार केली की, आता दिवे आणि लॉरेल नसलेली दारे इतरांकडेच जास्त सापडतील, ख्रिस्ती लोकांकडे नव्हे. देवळांचा त्याग केलात, तर आपल्या दाराचे देऊळ करू नका, असे त्याचे सांगणे होते. या तक्रारीचे मोल मोठे आहे. धर्म बदलला तरी लोक दार सजवायचे सोडत नव्हते, हे विरोधकानेच लिहून ठेवले.

पुढे युरोपच्या थंड भागांत हिवाळ्यातही हिरवी राहणारी हॉली, आयव्ही, फर, यू ही झाडे नाताळाशी जोडली गेली. हॉलीच्या काटेरी पानांत येशूचा काट्यांचा मुकुट आणि तांबड्या फळांत रक्ताचे थेंब पाहण्याची दृष्टी त्यातूनच आली.

इथे एक गल्लत नेहमी होते. आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाची, अर्थात अ‍ॅडव्हेंटची रीथ वेगळी. ती दारावर लावायची नसून टेबलावर ठेवतात किंवा छताला आडवी टांगतात आणि तिच्यावर मेणबत्त्या असतात. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये अनाथ व गरीब मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था चालवणारे धर्मोपदेशक योहान हिन्‍रिख विखेर्न यांनी गाडीच्या चाकावर रविवारांसाठी 4 मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या तांबड्या मेणबत्त्या लावल्या. नाताळ कधी येणार असे मुले सारखी विचारत, त्यांना दिवस मोजता यावेत हा हेतू होता. दारावरच्या रीथचा उगम विखेर्न यांच्याकडे देणारे लेख त्यामुळे चुकीचे ठरतात.

शोकाचे चक्र

19व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत घरात मृत्यू झाला की दारावर काळ्या क्रेप कापडाची फीत किंवा त्या फितीने बांधलेले गडद पानांचे चक्र लावत. मूल गेले असेल तर फीत पांढरी. दारावरची घंटाही कापडाने गुंडाळत, म्हणजे येणाऱ्याने आवाज न करता आत यावे. मृतदेह घरातच ठेवला जाई, अंत्ययात्रा तिथूनच निघे, म्हणून दाराला हे बोलावे लागे. पुढे अंत्यविधी घराबाहेरच्या व्यावसायिक दालनांत होऊ लागले. तशी दारावरची शोकाची रीथ ओसरली आणि दारावरच्या चक्राचा एकच, आनंदाचा अर्थ उरला.

अमेरिकेतील रूप

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग या वसाहतकालीन गावाचा जीर्णोद्धार 1926 नंतर सुरू झाला. 1930च्या दशकात तिथे नाताळासाठी दारे सजवू लागले. फुलांची सजावट सांभाळणाऱ्या लुईझ फिशर यांनी सफरचंदे, लिंबे, अननस आणि हिरवी पाने यांची चक्रे रचली. त्यांची प्रेरणा होती 15व्या शतकातील फ्लॉरेन्सचे शिल्पकार लुका देल्ला रोब्बिया यांच्या मातीच्या चकचकीत शिल्पांभोवतीच्या फळमाळा. ही सजावट देशभर नावाजली गेली आणि लोक तिला 18व्या शतकातली समजू लागले. त्या काळी कोणी महागडी ताजी फळे थंडीत दाराला ठोकत होते याला मात्र पुरावा नाही. सजावट सुंदर आहे, पण तिचे वय जेमतेम शंभरीच्या आतले आहे.

हिरव्या रीथच्या व्यवसायाचे मोठे केंद्र म्हणजे ईशान्येकडचे मेन राज्य. तिथल्या बाल्सम फर झाडांच्या फांद्यांची टोके हाताने मोडून गोळा करतात. या कामाला ‘टिपिंग’ म्हणतात. कडक थंडीच्या 3 रात्री गेल्याशिवाय टोके तोडायची नाहीत, असा जाणत्यांचा दंडक आहे, कारण थंडीने सुया, म्हणजे फरची सुईसारखी पाने, फांदीला घट्ट धरून राहतात. त्याआधी तोडलेल्या फांदीच्या सुया नाताळापूर्वीच गळतात. टोक साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीच्या जागी चटकन मोडते. पुरेशी फांदी झाडावर राखली तर तेच झाड काही वर्षांनी पुन्हा टोके देते.

बांधणी आणि टांगणे

तारेचे कडे, 2–3 टोकांची जुडी आणि बारीक तारेचे रीळ एवढ्यावर रीथ बांधता येते. जुडी कड्यावर ठेवून देठाभोवती तार 2–3 वेढे घट्ट ओढायची. पुढची जुडी मागच्या देठांवर चढवायची आणि सगळ्या जुड्यांची दिशा एकच ठेवायची. मध्ये तार कापायची नसते. नवख्याची रीथ बहुधा शेवटच्या जुडीपाशी फसते. पहिल्या जुडीची टोके उचलून शेवटचे देठ तिच्याखाली सरकवले की जोड दिसत नाही. तारेऐवजी द्राक्षवेलीच्या वाळक्या वेलांचे किंवा पेंढ्याचे कडेही वापरतात.

उत्तर अमेरिकेत दर्शनी दार साधारण 36 इंच रुंद असते आणि त्याला 22 ते 24 इंची रीथ शोभते. मध्य डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर यावा. दाराला भोक न पाडता टांगण्याच्या युक्त्या आहेत. दाराच्या वरच्या कडेवर बसणारा चपटा हूक, पोलादी दारासाठी लोहचुंबकाचा हूक, किंवा रुंद रिबीन दारावरून आत नेऊन आतल्या बाजूच्या खिळ्याला बांधणे. मुख्य दारापुढे काचेचे दुसरे दार असेल तर सूर्यप्रकाशाने मधली हवा तापते आणि ताजी हिरवाई लवकर करपते. थंड, सावलीच्या दारावर तीच रीथ 4–6 आठवडे टिकू शकते. सुया बोटाने वाकवल्यावर तुटू लागल्या की ती उतरवावी, कारण वाळलेला फर फार वेगाने पेटतो.

उतरवणे

इंग्लंडमध्ये नाताळची हिरवाई 5 किंवा 6 जानेवारीला, नाताळच्या बाराव्या रात्रीपर्यंत उतरवण्याचा संकेत आहे. जुन्या काळी ती मुदत 2 फेब्रुवारीच्या कँडलमास सणापर्यंत असे. जपानमध्ये नववर्षाला भाताच्या पेंढ्याचा ‘शिमेकाझारी’ दारावर लावतात, तिथे हे नियम आणखी काटेकोर आहेत. 29 डिसेंबर टाळतात, कारण 9 चा उच्चार दुःखाच्या शब्दासारखा आहे. 31 तारखेलाही लावत नाहीत, एका रात्रीपुरते स्वागत अवमानाचे मानले जाते. तोक्योच्या परिसरात तो 7 जानेवारीपर्यंत ठेवून मग सामूहिक होळीत जाळतात.

आजच्या काळात उतरवण्याला एक नवी निकड आली आहे. शोभेच्या हिरवाईत वापरल्या जाणाऱ्या बॉक्सवुड झुडपावर करपा आणणारी बुरशी 1994 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 2011 मध्ये अमेरिकेत आढळली. रोगट पाने रीथमधून बागेत पोहोचतात. म्हणून बॉक्सवुडची रीथ खतखड्ड्यात न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कचऱ्यात द्यावी, असा सल्ला दिला जातो.

प्लास्टिकच्या रीथ मात्र वर्षभर दारावर राहतात आणि वसंतात त्यांच्यात वेगळेच पाहुणे येतात. हाउस फिंच आणि रॉबिन या पक्ष्यांना छपराखालची, दाट, मांजराच्या उडीबाहेरची जागा घरट्यासाठी आवडते. अमेरिकेत 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने आणि ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्याने अंडी किंवा पिले असलेले घरटे हलवता येत नाही. हाउस फिंचची अंडी सुमारे 2 आठवड्यांत फुटतात आणि पिले उडायला तेवढेच आणखी दिवस लागतात. तोवर घरच्यांनी मागच्या दाराने ये-जा करायची.