मानवी पोषण व अन्नसुरक्षा

अन्न खाणे, ते पचवणे, त्यातील घटक शोषून घेणे आणि ऊर्जा, वाढ, झीज भरून काढणे व रोगप्रतिकार यांसाठी ते वापरणे, या सगळ्या क्रियांना मिळून पोषण म्हणतात. खाल्ले जाणारे अन्न रोगजंतू, विषारी द्रव्ये आणि भेसळ यांपासून मुक्त राहावे म्हणून उत्पादनापासून ताटापर्यंत घेतली जाणारी काळजी म्हणजे अन्नसुरक्षा. (मराठीत हाच शब्द सर्वांना पुरेसे धान्य मिळण्याच्या अर्थानेही वापरतात, त्या अर्थाचा विचार येथे केलेला नाही.) हे दोन्ही विषय एकत्र पाहण्याचे कारण असे, की अन्नातील पोषण आणि अन्नातील धोका, दोन्ही बहुधा जिभेला, नाकाला आणि डोळ्यांना कळत नाहीत.

पोषकद्रव्ये

कर्बोदके, प्रथिने, मेद, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणी असे पोषकद्रव्यांचे सहा गट मानले जातात. यांपैकी ऊर्जा पहिल्या तीन गटांतून मिळते : १ ग्रॅम कर्बोदकांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४ किलोकॅलरी, तर १ ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी. रोजच्या बोलण्यातली ‘कॅलरी’ ही प्रत्यक्षात किलोकॅलरी असते. तंतुमय पदार्थ कर्बोदकांतच मोडतात. माणसाच्या पाचक रसांना ते पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांतल्या काहींवर जगतात आणि मलोत्सर्ग सुकर होण्यासही ते लागतात.

‘अत्यावश्यक’ हा शब्द पोषणशास्त्रात नेमक्या अर्थाने येतो. जे द्रव्य शरीराला लागते, परंतु शरीर स्वतः तयार करू शकत नाही किंवा पुरेसे तयार करू शकत नाही, आणि म्हणून जे आहारातूनच मिळवावे लागते, ते अत्यावश्यक. कोलेस्टेरॉलवाचून पेशींचे चालत नाही, तरी ते या अर्थाने अत्यावश्यक नाही, कारण यकृत ते बनवते. उलट क जीवनसत्त्व बहुतेक सस्तन प्राणी आपल्या शरीरातच तयार करतात. माणूस, बरीचशी माकडे आणि गिनिपिग यांच्यात मात्र त्यासाठी लागणारे शेवटच्या टप्प्याचे विकर चालू स्थितीत नसते. त्यामुळे फळाचा तुकडाही न खाणाऱ्या कुत्र्याला स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा, हिरड्यांतून रक्त येण्याचा रोग) होत नाही आणि माणसाला होते.

प्रथिने ज्या २० ॲमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांपैकी ९ माणसासाठी अत्यावश्यक आहेत. तृणधान्यांत त्यांपैकी लायसीन कमी पडते, कडधान्यांत ते भरपूर असते पण मेथिओनीन कमी असते. म्हणून दिवसभराच्या आहारात दोन्ही असली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मेदाम्लांपैकी लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोनच अत्यावश्यक ठरतात. जीवनसत्त्वे १३ आहेत : अ, ड, ई आणि के ही मेदात विरघळणारी, तर क आणि ब गटातील ८ पाण्यात विरघळणारी. यांतले ड जीवनसत्त्व व्याख्येत नीट बसत नाही. पुरेसे ऊन मिळाले तर त्वचेतच ते तयार होते, म्हणून ते जीवनसत्त्वापेक्षा संप्रेरकाला जवळचे आहे. खनिजांपैकी कॅल्शियमसारखी काही जास्त प्रमाणात, तर लोह, जस्त, आयोडीन अशी काही अत्यल्प प्रमाणात लागतात. आयोडीनची रोजची गरज प्रौढाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका बारीक कणाइतकी. तेवढेही न मिळाल्यास गलगंड होतो आणि गरोदरपणात तीव्र तुटवडा पडल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते.

अभावातून लागलेले शोध

जीवनसत्त्वांची ओळख त्यांच्या असण्यातून नव्हे, तर नसण्यातून झाली. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरीही आजार कशाच्या तरी कमतरतेने होऊ शकतो, ही कल्पना रुजायला दीडशे वर्षे लागली. जावा बेटावर बेरीबेरी या नसा व हृदय दुबळे करणाऱ्या रोगाचे जंतू शोधत असलेल्या क्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या लुळ्या पडू लागल्या आणि पुढे अचानक बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले ते असे, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला पांढराशुभ्र, सडलेल्या तांदळाचा (म्हणजे कोंडा काढलेल्या) भात घातला जात होता, आणि नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिल्यापासून त्यांना पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला होता. आइकमान यांना प्रथम वाटले, की तांदळात विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. तांदळात जास्तीचे काही नसून काहीतरी कमी आहे, हा बरोबर अर्थ १९०१ मध्ये त्यांचे सहकारी खेरित ख्राइन्स यांनी लावला. ते द्रव्य म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. नोबेल पारितोषिक १९२९ मध्ये आइकमान यांना मिळाले. ख्राइन्स यांचे नाव फारसे कोणाला आठवत नाही.

पोषकद्रव्य अन्नात असणे आणि ते शरीराला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नायसिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने दाखवले. मक्यातील नायसिन असे बद्ध असते, की नुसता शिजवलेला मका खाऊन ते फारसे शोषले जात नाही. मध्य अमेरिकेतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळत आणि त्या क्रियेत नायसिन मोकळे होई. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. परिणामी जेथे गरिबांचे पोट मक्यावरच भरत असे, तेथे पेलाग्रा पसरला. लोहाचेही तसेच आहे : वनस्पतिजन्य अन्नातील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते, सोबत क जीवनसत्त्व असल्यास जास्त मिळते, आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास त्यातील टॅनिनमुळे आणखी घटते.

गरजेची वरची मर्यादाही तितकीच खरी आहे. मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठतात. अ जीवनसत्त्व अतिरिक्त झाल्यास यकृताला इजा होते आणि गरोदरपणात गर्भाला धोका पोहोचतो. प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे आणि वरून घातलेल्या व तत्सम साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

अन्नातून होणारी बाधा

जे अन्न माणसाचे पोषण करते, ते सूक्ष्मजंतूंचेही करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे वर्षाला सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरण पावतात. मृतांपैकी १ लाख २५ हजार पाच वर्षांखालील मुले असतात.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा धोक्याचा मानला जातो. अनुकूल स्थितीत काही जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. त्या वेगाने १०० जीवाणूंचे ५ तासांत ३२ लाखांहून अधिक होतात. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत थंड जागी ठेवावे आणि शिजवताना त्याच्या मध्यभागी ७० अंश तापमान पोहोचावे, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु पुन्हा उकळले की सगळे सुरक्षित झाले, ही समजूत चुकीची आहे. ओट्यावर रात्रभर झाकून ठेवलेल्या भाताचे पातेले घ्या. बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू शिजण्यातून वाचतात, कोमट भातात रुजतात आणि एक विष तयार करतात; सकाळी भात वाफाळेपर्यंत गरम केला तर जीवाणू मरतात, विष मात्र तसेच राहते आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. भाताला तोवर वास येतोच असे नाही. शीतकपाटाचीही मर्यादा आहे : तेथे बहुतेक जीवाणूंची वाढ मंदावते, पण लिस्टेरिया हा जीवाणू थंडीतही वाढतो, आणि गरोदर स्त्रियांना त्याचा विशेष धोका असतो. कच्चे मांस धुण्याची सवय अनेकांना स्वच्छतेची वाटते. प्रत्यक्षात त्या शिंतोड्यांनी जंतू ओटा, भांडी आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचतात.

हवाबंद डब्यातील अन्नाचा प्रश्न वेगळा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणे विष तयार करणाऱ्या जीवाणूला हवा नकोच असते, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. म्हणून कमी आंबट पदार्थांच्या डब्यांना दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान द्यावे लागते. हेच बीजाणू मधात असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या रुजू शकतात, यास्तव एक वर्षाखालील मुलाला मध चाटवू नये.

कारखान्यात तयार झालेला माल शेवटी तपासून सुरक्षिततेची खात्री देता येत नाही, कारण तपासलेला डबा फोडावाच लागतो आणि न फोडलेल्या डब्याबद्दल त्यातून फारसे कळत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकी अंतराळवीरांसाठी अन्न बनवताना ही अडचण ठळक झाली. तेव्हा धोका कोणत्या टप्प्यावर शिरतो हे आधी ठरवून त्याच टप्प्यावर तापमान, वेळ, आंबटपणा यांची सतत नोंद ठेवण्याची पद्धत पुढे आली, आणि हीच पद्धत आता बहुतेक देशांच्या अन्नविषयक नियमांचा पाया आहे.