हायब्रिड सायकल: रोजचे दहा किलोमीटर, रविवारचे ऐंशी

सायकलच्या दुकानात शिरलेला माणूस बहुतेक वेळा आधी सायकल उचलून बघतो. १२ किलोची उचलतो, शेजारची १० किलोची उचलतो आणि निर्णय जवळजवळ तिथंच होऊन जातो. हाताला ठळक जाणवणारा हा दोन किलोंचा फरक रस्त्यावर मात्र शोधावा लागतो. रोजचा प्रवास सुखाचा करणाऱ्या आणि ऐंशी किलोमीटरनंतरही अंग मोडू न देणाऱ्या गोष्टी उचलून कळत नाहीत. त्यासाठी टायरच्या कडेवरचे आकडे वाचावे लागतात, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि टायर यांच्यातली फट मोजावी लागते आणि हँडलवर तळवे कसे टेकतात ते बघावं लागतं.

‘हायब्रिड’ या नावाखाली दोन वेगळ्या जातींच्या सायकली विकल्या जातात. पहिली फिटनेस सायकल: सरळ हँडल, सस्पेन्शन नसलेला ताठ फोर्क, ७०० सी मापाची चाकं आणि साधारण २८ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर. ट्रेकची एफएक्स, स्पेशलाइज्डची सिरस, जायंटची एस्केप, कॅननडेलची क्विक या त्यातल्या प्रसिद्ध मालिका. दुसरी जात माउंटन बाइकच्या अंगानं जाणारी, पुढं सस्पेन्शन आणि टायर जास्त रुंद. जायंटची रोम त्यातली. कामावर जाण्यासाठी आणि सुट्टीच्या दिवशी लांब जाण्यासाठी एकच सायकल हवी असेल, तर पहिली जात निवडावी. सस्पेन्शनबद्दल पुढं येईलच.

आधी वजनाचा हिशेब संपवू. ८० किलोचा चालक आणि १२ किलोची सायकल धरा. ताशी २० किलोमीटर वेगात या ९२ किलोंमध्ये सुमारे १,४२० ज्यूल गतिज ऊर्जा असते. सिग्नलला ब्रेक दाबला की ती उष्णता होऊन निघून जाते आणि दिवा हिरवा झाल्यावर पायांना ती नव्यानं भरावी लागते. सायकल दोन किलोंनी हलकी असेल, तर हाच आकडा १,३९० होतो. एका थांब्यामागे ३० ज्यूल वाचले, वीस सिग्नलांमागे ६००. साधारण तब्येतीचा माणूस १०० वॅटच्या जोरानं अर्धा तास पेडल मारतो तेव्हा १,८०,००० ज्यूल खर्च करतो. त्यातले ६०० म्हणजे एक टक्क्याचा तिसरा हिस्सा. चढावर फरक थोडा वाढतो, पण ५ टक्के चढ ताशी १० किलोमीटरनं चढताना दोन किलोंसाठी ३ वॅटसुद्धा जास्त लागत नाहीत. सायकल रोज जिन्यानं वर न्यायची असेल, तर मात्र वजनाला जरूर महत्त्व द्या.

मग जोर जातो कुठं? सपाट रस्त्यावर १०० वॅट लावले, तर हायब्रिडवर ताठ बसलेल्या माणसाला ताशी २१ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो आणि त्यातले जवळजवळ ६८ वॅट हवा बाजूला सारण्यातच संपतात. उरलेले बहुतेक टायर खातात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं. म्हणूनच २१ वरून २५ वर जायला पाय इतके भरून येतात.

हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ आणि शरीराच्या आकाराचा गुणांक यांचा गुणाकार सरळ हँडलवर ताठ बसल्यावर ०.५५ चौरस मीटरच्या घरात असतो. खाली वळलेल्या हँडलच्या रोड सायकलवर तो ०.४ पर्यंत उतरतो. त्याच १०० वॅटमध्ये वेग २१ वरून २३ वर जातो. दहा किलोमीटरच्या रोजच्या वाटेवर यातून अडीच मिनिटं वाचतात, ऐंशी किलोमीटरला वीस. आठवड्यातून सहा दिवस दहा किलोमीटर आणि एक दिवस ऐंशी असं गणित असेल, तर या वीस मिनिटांसाठी गर्दीत मान वर ठेवून चालवण्याची सोय सोडू नये. समोरून वारा असेल तेव्हा कोपर वाकवून छाती खाली आणली, तरी त्यातला बराचसा फायदा मिळतो.

टायर हा मात्र खरा गुपचूप चोर आहे. पंक्चर होऊ नये म्हणून जाड पट्टा आणि जाड कड असलेल्या टायरचा लोळण-रोध गुणांक (भाराचा किती हिस्सा टायर लोळताना अडथळा म्हणून उलटा लागतो, तो आकडा) ०.०१० पर्यंत असू शकतो; चांगल्या लवचीक टायरचा ०.००६ किंवा त्याहून कमी. आकडे क्षुल्लक वाटतात, पण ९२ किलोंच्या भाराखाली आणि ताशी २१ किलोमीटर वेगात हा फरक सुमारे २० वॅटचा होतो. १०० वॅट देणाऱ्या पायांच्या कमाईतला पाचवा हिस्सा. बसण्याची पद्धत बदलून जो वेग मिळतो, जवळजवळ तितकाच नुसते टायर बदलून मिळतो, आणि शरीराला त्याचा काही त्रास नाही. नव्या हायब्रिडवर खर्च करायला थोडे पैसे उरले असतील, तर ते आधी टायरवर घालावेत.

टायरच्या कडेवर ३२-६२२ किंवा ४०-६२२ असं छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा. ६२२ हा ७०० सी चाकाच्या रिमवर टायर जिथं बसतो त्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास. माउंटन बाइकच्या ‘२९ इंची’ चाकाचाही तो ६२२ च असतो, त्यामुळे टायर घेताना इंचांपेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा. रुंद टायर म्हणजे जड चालणारा टायर, ही समजूत जुनी झाली. बांधणी सारखी असेल आणि रुंदीप्रमाणे हवा कमी ठेवली, तर खडबडीत रस्त्यावर ३५ मिलिमीटरचा टायर २८ च्या मागे पडत नाही. हवा फार ठासून भरली की चाक प्रत्येक खडीवर उसळतं आणि आख्खं शरीर वरखाली हलवण्यात ऊर्जा जाते.

किती हवा भरायची, याला एक जुना पारखलेला आडाखा आहे: माणूस बसल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के दबावी. ८० किलोच्या माणसानं ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढं ५० आणि मागं ६० पीएसआयपासून (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करावी. ४० मिलिमीटरला पुढं ३५, मागं ४२ च्या आसपास. मागच्या चाकावर भार जास्त पडतो म्हणून हा फरक. खड्ड्याची कड लागून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडल्या, तर हवा कमी होती असं समजा. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते. एकच बारीक भोक असेल तर काच किंवा तार. तेव्हा नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटानं सावकाश चाचपा, नाहीतर तीच तार नव्या ट्यूबलाही भेटेल.

रुंद टायर घालायचा तर फ्रेममध्ये जागा हवी, आणि दोन सायकलींची तुलना करताना हीच गोष्ट सर्वांत कमी तपासली जाते. मडगार्ड टायरपेक्षा साधारण १० मिलिमीटर रुंद लागतं. म्हणजे ज्या फ्रेममध्ये जेमतेम ४२ मिलिमीटरचा टायर मावतो, तिच्यात मडगार्ड लावल्यावर ३५ च्या आसपासच मावेल. रोज ये-जा करणाऱ्यानं मडगार्डशिवायचा हिशेब धरूच नये. शिवाय मागच्या एक्सलजवळ आणि सीटखाली कॅरिअर बसवायची आट्यांची भोकं आहेत का, फोर्कवर मडगार्डची भोकं आहेत का, हे वाकून बघा. नंतर ती पाडता येत नाहीत.

आता सस्पेन्शन. स्वस्त हायब्रिडवरचा स्प्रिंगचा फोर्क दोन ते अडीच किलोंचा असतो. ताठ ॲल्युमिनियम फोर्क एक किलोच्या आसपास, कार्बनचा त्याहून हलका. वजन आपण वर माफ केलं, पण दुसरे दोष माफ होत नाहीत. उभं राहून पेडल मारलं की हा फोर्क दबतो आणि पायांचा जोर पितो. त्याच्या सील झिजल्या की आत पाणी जातं, नळ्या गंजतात आणि एक-दोन वर्षांत तो नुसता जड फोर्क होऊन बसतो. रस्त्याची बारीक थरथर त्याच्यापर्यंत पोचण्याआधी टायरनंच शोषलेली बरी.

लांबच्या प्रवासात फिटनेस सायकलची खरी परीक्षा हाताच्या तळव्यात होते. करंगळी आणि अनामिका यांना संवेदना पुरवणारी अल्नर नस मनगटापाशी एका अरुंद वाटेतून जाते. सरळ हँडलवर तळव्याचा करंगळीकडचा भाग टेकतो, मनगट मागं मोडतं आणि नस दाबली जाते. चाळीस किलोमीटरनंतर दोन बोटं बधिर होण्याचं कारण बहुधा हेच. रोजच्या अर्ध्या तासात ते कळत नाही. बधिरपणा सायकल सोडल्यावरही दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

उपाय क्रमानं करावेत. आधी सीट आडव्या रेषेत आणा. तिचं नाक खाली झुकलेलं असेल, तर शरीर पुढं घसरत राहतं आणि ते हातांनी तोलून धरावं लागतं. मग स्टेमखालच्या (स्टेम म्हणजे हँडल फ्रेमशी जोडणारा तुकडा) रिंगांच्या मदतीनं हँडल १० ते २० मिलिमीटर वर घ्या. ब्रेकचे दांडे थोडे खाली फिरवा, म्हणजे हातापासून बोटांपर्यंत मनगट सरळ राहील. तळव्याखाली पंख्यासारखं रुंद होणाऱ्या ग्रिप बसवा आणि हँडलच्या टोकांना आखूड बार-एंड, म्हणजे छोटी शिंगं, लावा, म्हणजे हात धरायला दुसरी जागा मिळेल. दर दहा मिनिटांनी पकड बदलणं हे कुठल्याही मऊ हातमोज्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

फिटनेस सायकलला खाली वळलेलं हँडल बसवायचा मोह मात्र टाळा. सरळ हँडल गृहीत धरून तिची फ्रेम लांब बनवलेली असते; वळलेल्या हँडलवर पकडीची जागा आणखी आठ-दहा सेंटिमीटर पुढं जाते आणि चालक ताणला जातो. शिवाय अशा हँडलवरचे गिअरचे आणि ब्रेकचे दांडे तार वेगळ्या मापानं ओढतात, त्यामुळे जुन्या भागांशी त्यांचं बऱ्याचदा जुळत नाही.

सीटच्या उंचीसाठी पायाच्या आतल्या बाजूची लांबी, जांघेपासून जमिनीपर्यंत, मोजा आणि तिला ०.८८३ नं गुणा. ८० सेंटिमीटर लांबी असेल, तर क्रँक (पेडलचे दांडे) ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर येतील. ही सुरुवात. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे हलताना दिसली, तर सीट उंच झाली आहे. गुडघा पुढून दुखत असेल, तर बहुधा ती खाली आहे.

गिअरच्या बाबतीत ‘२४ गिअर’ हा आकडा काही सांगत नाही. बरेच गिअर एकमेकांवर चढलेले असतात. पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढं जाते, ते बघा. ३२ मिलिमीटर टायरच्या चाकाचा परीघ सुमारे २.१५ मीटर. पुढं ४६/३० दातांच्या दोन चकत्या आणि मागं ११ ते ३४ असेल, तर एका फेरीत १.९ ते ९ मीटर मिळतात. पुढं ४० ची एकच चकती आणि मागं ११ ते ४२ असेल, तर २ ते ७.८. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या, तर ७.८ मीटरवर ताशी ३७ किलोमीटर होतात, आणि हायब्रिडच्या चालकाला सपाटीवर त्याहून जास्त क्वचितच लागतं. शहरासाठी एकच चकती उत्तम: डाव्या हाताला काम नाही, चेन उतरण्याची भीती कमी. तासन्‌तास एका लयीत चालवायचं तर दोन चकत्या सरस, कारण गिअरमधल्या उड्या लहान असतात. एका दातचक्रावरून पुढच्यावर जाताना १५ वरून १८ ही उडी २० टक्क्यांची आहे; वाऱ्यात एक गिअर जड आणि दुसरा पोकळ वाटतो, तो यामुळे.

चेनचं माप साध्या फूटपट्टीनंही घेता येतं. १२ पूर्ण कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर असते. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर (मागच्या दातचक्रांचा संच) ती दीड मिलिमीटरनं वाढली की चेन बदला. ८ ते १० गिअरला सव्वादोन मिलिमीटरपर्यंत चालतं. त्यापुढं गेलात, तर चेन दातही खाते आणि नवी चेन जुन्या दातांवरून घसरते.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क असतील तर उत्तम. पावसात रिम ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसतो आणि त्यात अडकलेली रेती रिम घासते. डिस्कचा शत्रू तेल आहे. चेनवर फवाऱ्यानं तेल मारताना त्याचा एक थेंब डिस्कवर उडाला, तरी ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही. डिस्क अल्कोहोलनं पुसता येते, पण पॅडमध्ये तेल मुरलं की ते बदलावेच लागतात. नव्या पॅडना आधी वीसेक वेळा वेगातून हळूहळू थांबवून बसवून घ्या. डिस्क झिजून १.५ मिलिमीटरवर आली की ती काढावी.

सामान पाठीवर न घेता कॅरिअरच्या पिशव्यांत घ्या. पाठीवरचं ओझं सीटवर आणि तळहातांवर उतरतं. पण मग मागचं चाक तपासा. चाक फिरताना जमिनीजवळ आलेला प्रत्येक आरा क्षणभर सैल पडतो आणि वर गेल्यावर पुन्हा ताणला जातो. किलोमीटरला ४६४ फेऱ्या, म्हणजे ५,००० किलोमीटरमध्ये तेवीस लाखांहून जास्त वेळा. मुळात सैल असलेला आरा या हेलकाव्यांनी थकतो आणि हबपाशी (चाकाच्या मधल्या भागापाशी) वाकलेल्या जागी तुटतो. जड सामान न्यायचं असेल, तर मागं २८ ऐवजी ३२ आरे असलेलं चाक घ्या. पहिल्या २०० ते ३०० किलोमीटरनंतर शेजारचे दोन-दोन आरे चिमटीत दाबून बघा. एखादी जोडी ढिली लागली, तर तेव्हाच चाक ताणून घ्या.