वॅक्साहॅची: दाबलेल्या हेलाची गोष्ट
‘वॅक्साहॅची’ या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफील्डला आज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल, ही बाई लहानपणापासून कंट्रीच, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीतच गात आली असणार. बँजोची साथ, सैलावलेली लय आणि अमेरिकेच्या दक्षिणेचा तो लांबवलेला हेल. पण हाच हेल तिने कित्येक वर्षं दाबून ठेवला होता.

जन्म १९८९चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. कंट्री गाणी कानावर होतीच. पण शाळकरी वयात पंकचं, म्हणजे खडबडीत, बंडखोर रॉकचं वेड लागलं आणि घरचं ते संगीत नकोसं झालं. जुळी बहीण ॲलिसनबरोबर तिने आधी ‘द ॲक्लीज’ आणि मग ‘पी. एस. एलियट’ हा बँड काढला. २०११च्या सुरुवातीला बर्फाने बाहेर पडणं मुश्कील झालं, तेव्हा आईवडिलांच्या घरी आठवडाभरात तिने एकटीने गाणी रेकॉर्ड केली. गिटार, आवाज आणि भरपूर खरखर. ‘अमेरिकन वीकेंड’ म्हणून ती २०१२मध्ये आली. स्वतःसाठी नाव घेतलं ते अलाबामातल्याच एका ओढ्याचं, वॅक्साहॅची क्रीकचं. सूर पंकचा असला तरी पाय कुठे होते ते इथेच कळतं. (माझ्या मते तिचं सगळ्यात उघडंवाघडं काम अजूनही हेच.)

पुढच्या तीन अल्बममध्ये बँड आला, आवाज चढत गेला. ‘आउट इन द स्टॉर्म’मध्ये (२०१७) तर गिटारींचा नुसता गदारोळ.

मग २०१८मध्ये तिने दारू सोडली. ‘सेंट क्लाउड’ या अल्बमची गाणी त्यानंतरची, शीर्षक वडिलांच्या फ्लॉरिडातल्या गावाचं. निर्माता ब्रॅड कुक आणि साथीला डेट्रॉइटचा ‘बॉनी डून’ बँड. वाद्यं मागे सरली, शब्द पुढे आले आणि हेल मोकळा झाला. अमेरिकन गायिका ल्युसिंडा विल्यम्सचं ऋण ती स्वतःच सांगते. ऐकताना ते लपतही नाही. अल्बम आला तो मार्च २०२०मध्ये, जग कुलूपबंद होत असताना. दौरे कुठले! लोकांनी तो घरात बसूनच ऐकला.

एवढं झाल्यावर आडपडदा कशाला? २०२२मध्ये टेक्सासची गायिका जेस विल्यमसन हिच्याबरोबर ‘प्लेन्स’ या नावाने तिने सरळ कंट्री युगुलगीतांचाच अल्बम केला. ‘टायगर्स ब्लड’ (२०२४) त्याच वाटेवरचा, त्यात गायक-गिटारवादक एम. जे. लेंडरमनचा आवाज तिच्या आवाजाखाली हलकेच चालतो. त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, ‘अमेरिकाना’ विभागात, म्हणजे कंट्री, लोकसंगीत अशा अमेरिकी मुळांच्या संगीताच्या विभागात.