केक नवा, आच जुनी: खान्देशातल्या घरगुती बेकिंगच्या मागे काय आहे

घरात कुणी केकचा क्लास लावला की एक तरी मोठं माणूस म्हणतंच, हे भट्टीतलं खाणं आपलं नाही, बाहेरून आलंय. मला हे अर्धंच पटतं. ओव्हन बाहेरून आला, मान्य. पण ओव्हन जे काम करतो ते जळगाव-धुळ्याकडे शेताच्या बांधावर कधीचं चालू होतं, त्याला बेकिंग म्हणत नव्हते एवढंच.

अडचण मुळात एकच आहे. चुलीची आच खालून येते. भाकरी पातळ, ती उलटता येते, म्हणून तिचं निभतं. पण जाड गोळा आतपर्यंत भाजायचा तर वरून, बाजूनं, सगळीकडून आच पाहिजे, ती आणायची कुठून? तर गोवऱ्या पेटवायच्या, जाळ पूर्ण बसू द्यायचा, मग रोडगे नाहीतर बट्ट्या, म्हणजे कणकेचे जाड गोळे, त्या आरात पुरायचे आणि वरून गरम राख ओढून सोडून द्यायचं. जाळ असताना टाकलं तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं पीठ, म्हणजे १८० डिग्रीचा केक २२० वर ठेवल्यावर जे होतं अगदी तेच. आमची आजी अहिराणीत म्हणायची, इस्तोले घाई नही चालस, म्हणजे विस्तवाला घाई चालत नाही. आता घरोघरी बट्टी बहुतेक वाफवून, कापून तळतात, लवकर होते म्हणून, ते वेगळं.

खापरावरचे, म्हणजे पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेले, मांडे तर त्याहून भारी प्रकरण. भाजणं तव्यासारखंच, खालूनच, पण कणकेचं तंत्र बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर पुरणाचे मांडे पाहिजेतच, त्यासाठी पीठ अगदी बारीक चाळणीनं किंवा कापडानं गाळून घेतात, सैलसर भिजवतात आणि मग मळून मळून, आपटून आपटून त्याला अशी तार आणतात की पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरला तरी फाटत नाही, आणि तसाच उचलून पालथ्या खापरावर टाकायचा. ब्रेडवाले कणीक ताणून उजेडात धरतात आणि त्याला विंडोपेन टेस्ट म्हणतात. ग्लुटेन, म्हणजे कणकेला तार आणणारं ते, तेच हो, फक्त आमच्याकडे टेस्ट थेट हातावर, आणि फाटला तर पुरण चुलीत आणि सगळ्या आयाबाया बघतायत.

खरी भट्टी घराशी जोडली गेली ती नानकटाईमुळे. सुरतेत डच व्यापारी होते, त्यांच्या बेकऱ्या पुढे पारशी कारागिरांकडे आल्या आणि तिथून नानकटाई पसरली असं सांगतात. सुरत आपल्याला लांब नाही, १९०० च्या सुमारास तापीकाठची रेल्वे अमळनेरपर्यंत आली आणि भुसावळ तर आधीपासूनच रेल्वेचं गाव. दिवाळीच्या आधी डबा घेऊन बेकरीत जायचं, त्यात रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा सगळं घरचं, मजुरी तेवढी बेकरीवाल्याची. आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेत जाऊ नये म्हणून भट्टीपाशी उभं राहायचं. तिथे तूप-साखर तळहातानं पांढरं होईपर्यंत फेसतात ना, त्यात हवा कोंडली जाते, केकच्या रेसिपीत त्यालाच क्रीमिंग म्हणतात. म्हणजे ज्यांनी नानकटाई फेसलीय त्यांचा अर्धा क्लास झालेलाच असतो.

फुगण्याचं म्हणाल तर सोडा आणि दही आपल्याकडे होतंच, आंबट लागलं की सोड्यातून गॅस सुटतो. बेकिंग पावडरीत आंबट भाग आधीच कोरडा मिसळलेला असतो. ती १८४३ मध्ये इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड यानं बनवली, बायकोला यीस्ट चालत नव्हतं म्हणून. तिला अंडीही चालत नव्हती म्हणे, आमच्याकडच्या माळकरी घरांत तिचं छान जमलं असतं!

मग आला कुकर. तळाशी वाळू किंवा जाड मीठ, वर जाळी, शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, पाणी नाही, दहा मिनिटं रिकामा तापवायचा आणि मग भांडं आत. म्हणजे काय, पुन्हा राखच झाली की ती. माझा पहिला केक रिंग न काढता झाला, वाफ आतच कोंडली आणि वरून चिकट, मधून बसलेला असा इडलीसारखा काहीतरी निघाला, तरी भाच्यांनी संपवला. त्याच सुमारास झाकणाला काच असलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन घरोघरी दिसायचा, आणि कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यामुळे बिनअंड्याचा केक सोपा झाला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर काय, बेकऱ्या बंद, मुलांचे वाढदिवस घरातच, बिस्किटांचा चुरा करून केक झाले, पिकून काळी पडलेली केळीसुद्धा केकात गेली, आणि जळगावात केळ्यांना काय तोटा.

अवघड गेलं ते मोजणं. आमच्या हाताला अंदाजाची सवय. बट्टीत पीठ मूठभर जास्त झालं तर कुणाला कळतही नाही, केकात मात्र लगेच कळतं. चुलत बहिणीनं ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आणि वजनकाटा एकाच दिवशी घेतला, आणि त्यात पहिल्यांदा काय केलं तर बट्ट्याच. वरखाली दोन्ही रॉड लावून, मध्ये एकदा उलटून. भाजल्या मस्त, धुराचा वास तेवढा नव्हता, मग तिनं वाटीत गोवरीचा तुकडा पेटवून बट्ट्यांच्या मधोमध ठेवला, वर तूप सोडलं आणि झाकण लावून टाकलं.